फोटोत कल्ले कोणाला लाल, कोणाला तपकिरी, असं का?



मागच्या आठवड्यात आपण ग्रुपवर पहाटेच काढलेल्या रोहूचा फोटो टाकला. बोडीवरच्या आपल्या माणसांना कल्ले, म्हणजे गलफडे, लालभडक दिसत होते. घेणारा व्यापारी म्हणाला, "हे तर तपकिरी आहेत, माल शिळा आहे." भाव पाडला. खरं म्हणजे दोघंही खोटं बोलत नव्हते.

डोळ्यात जो रंग येतो त्यात वस्तूचा रंग आणि तिच्यावर पडलेला उजेड, दोन्ही मिसळलेले असतात. मेंदू उजेडाचा भाग अंदाजाने वजा करतो. म्हणून तर कंदिलाच्या पिवळ्या उजेडातही पांढरं धोतर आपल्याला पांढरंच वाटते. पण फोटोत उजेड कुठला होता हे कळत नाही, तेव्हा ज्याचा त्याचा मेंदू आपापला अंदाज धरतो.

फेब्रुवारी २०१५ मध्ये एका ड्रेसच्या फोटोवरून जगभर असाच वाद झाला. कोणाला तो निळा-काळा दिसे, कोणाला पांढरा-सोनेरी. ड्रेस खरा निळा-काळाच होता. ज्यांच्या मेंदूने तो सावलीत आहे असं धरलं, त्यांनी निळेपणा वजा केला, म्हणून तो पांढरा दिसला. ज्यांनी पिवळ्या बल्बचा उजेड धरला, त्यांना निळा दिसला.

मोबाईलचाही यात हात असतो. कॅमेरा स्वतःच रंग बदलतो. पाहणाऱ्याच्या मोबाईलवर नाईट मोड चालू असला की सगळंच पिवळट दिसते. वयाबरोबर डोळ्याचं भिंगही पिवळट होते.

काही जणांना जन्मापासून लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषात एक्स एकच असल्याने हा दोष बायांपेक्षा पुरुषांत जास्त दिसतो. यात लाज नाही, डोळ्याच्या डॉक्टरकडे ठिपक्यांच्या चित्रांवरून तपासणी होते.

म्हणून आता आपण असं करू:

▪️ फोटो दिवसाच्या उजेडात काढा, बल्बखाली नको. फिल्टर लावू नका.
▪️ माशाजवळ पांढरा कागद ठेवा. कागद पिवळा किंवा निळा दिसला तर उजेडाने रंग बदलला हे पाहणाऱ्याला कळेल.
▪️ फक्त फोटोवरून भाव पक्का करू नका. मासा हाती घेऊन पाहा: डोळा फुगीर व स्वच्छ, बोट दाबलं की मांस परत वर येते, घाण वास नाही, तर माल ताजा.

मेहनतीचा माल आहे. एका फोटोपायी त्याचा भाव जाऊ देऊ नका, अन् व्यापाऱ्याशी नातंही तोडू नका.