१७५-१८ म्हणजे नक्की किती?

१७५ विरुद्ध १८. हा एम-थ्रीच्या पेपरातल्या नापास-पासांचा आकडा नाही, घाबरू नका! हा खो-खोचा स्कोअर आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या महिला संघाने आपल्या पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाला या फरकाने हरवलं. कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे.

या निकालावर रहाटणी फाट्यापासून आमच्या कॅन्टीनपर्यंत दोनच मतं ऐकू आली. पहिलं मत, "बघा, जगात आपल्याला तोड नाही." दुसरं मत, "समोर होतं कोण? कोरियात खो-खो खेळतं तरी कोण?" दोन्ही मतांचे लोक चहा संपेपर्यंत भांडले आणि लेक्चरला (किंवा लेक्चर बुडवायला) निघून गेले. पण माझ्या मते दोघांनीही स्कोअर नीट वाचलाच नाही. दुबळ्या संघाला धुतल्यावर त्या विजयाची किंमत किती करायची, हा खरं तर मोजमापाचा प्रश्न आहे, आणि मोजमाप हे तर आपलं इंजिनिअरांचं काम!

आता आमचं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शाळेत थ्रोबॉल आणि बास्केटबॉल. खो-खो मी रहाटणीत, सोसायटीशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, मराठी शाळेतल्या मुलींबरोबर शिकले, आणि 'एकतर्फी' हा शब्द पेपरच्या क्रीडापानावर. तेव्हा भाषेत कुठे चूक झाली तर सांभाळून घ्या. मुद्दा मात्र सरळ आहे.

माझे बाबा भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहेत. त्यांच्याकडे रोज बोल्ट तपासले जातात. एम-१२ चा बोल्ट घेतला तर त्याच्या डोक्यावर ८.८ असं लिहिलेलं दिसतं. पहिल्या ८ चा अर्थ, हा बोल्ट किमान ८०० मेगापास्कल ताणापर्यंत तुटता कामा नये. दुसऱ्या .८ चा अर्थ, त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० च्या आसपास, तो कायमचा लांबायला लागतो. आता 'प्रूफ लोड' नावाच्या चाचणीत या बोल्टवर फक्त ५८० मेगापास्कल ताण देतात, १५ सेकंद धरून ठेवतात, सोडतात आणि लांबी पुन्हा मोजतात. लांबीत १२.५ मायक्रॉनपेक्षा जास्त फरक पडला नाही तर बोल्ट पास.

यात लक्षात घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, पास झालेला बोल्ट ८०० ला तुटेल की ९०० ला, हे या चाचणीतून कळत नाही. 'एवढं तरी नक्की सोसतो' इतकंच कळतं. दोन, इथे बोल्ट तुटला की नाही यावर कोणी थांबत नाही, तो ताणानंतर बदलला का ते बघतात.

दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा सामना म्हणजे कमी भाराची चाचणी. त्यातून संघाची खालची मर्यादा कळते, वरची नाही. 'आपल्याला तोड नाही' म्हणणारे ५८० ला पास झालेल्या बोल्टला १२०० चा समजतात. 'समोर होतं कोण' म्हणणारे त्याच बोल्टला भंगारात टाकतात. दोघेही चूक!

मग १७५ आणि १८ मधला १५७ चा फरक कशाचा? थोडा आपल्या ताकदीचा, थोडा समोरच्याच्या नवखेपणाचा. कोणाचा किती? हे म्हणजे एक समीकरण आणि दोन अज्ञात राशी. कितीही डोकं खाजवलं तरी सुटणार नाही. अजून समीकरणं हवीत. सुदैवाने ती आहेत. भारताच्या महिला संघाचे त्या स्पर्धेतले सगळे निकाल असे :

दक्षिण कोरिया १७५-१८, इराण १००-१६, मलेशिया १००-२०, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेश १०९-१६, उपांत्य फेरीत दक्षिण आफ्रिका ६६-१६, अंतिम सामन्यात नेपाळ ७८-४०.

आता डावीकडचा आकडा झाका आणि फक्त उजवीकडचा बघा. १८, १६, २०, १६, १६. पाच वेगवेगळे संघ, पण आपण दिलेले गुण जवळजवळ तेवढेच. डावीकडचा आकडा मात्र १७५ पासून ६६ पर्यंत उड्या मारतोय. म्हणजे आपण किती गुण मिळवले हे समोरचा किती कच्चा आहे त्यावर बरंच हललं, पण बचाव एका रेषेत राहिला. शंभर गुणांनी पुढे असताना पळताना ढिलाई करायचा मोह कोणालाही होतो. उलट या स्पर्धेत पळणाऱ्यांची तुकडी तीन मिनिटांपेक्षा जास्त टिकली की 'ड्रीम रन'चे गुण मिळत, म्हणजे पळतानाही काही कमवायचं असे. माझ्या दृष्टीने १७५ पेक्षा ही १६-१६ ची रांग जास्त बोलकी आहे. बोल्टची लांबी बदलली नाही!

पण प्रामाणिकपणे पुढचा आकडाही वाचायला हवा. नेपाळने ४० गुण घेतले, म्हणजे आधीच्या कोणत्याही संघाच्या किमान दुप्पट. खरा भार तिथे पडला. आपण तोही सोसला आणि ३८ गुणांनी जिंकलो. म्हणून या संघाची किंमत करायची तर १७५-१८ वरून नाही, ७८-४० वरून करा. १७५-१८ ने फक्त अंतिम सामन्याआधी सांगून ठेवलं होतं की पाया पक्का आहे.

त्याहून चांगली पद्धत म्हणजे एकाच प्रतिस्पर्ध्याशी दोनदा खेळणं, कारण तेव्हा दुसरी अज्ञात राशी बरीचशी स्थिर राहते. पुण्याच्या प्रतीक वाईकरच्या पुरुष संघाला ही संधी मिळाली. सलामीला नेपाळशी ४२-३७, आणि अंतिम सामन्यात पुन्हा नेपाळशीच ५४-३६. फरक पाचाचा अठरा झाला, आणि तो जवळजवळ सगळा आपले गुण वाढल्यामुळे. महिलांच्या १५७ च्या फरकापेक्षा या तेरा गुणांच्या वाढीतून मला जास्त माहिती मिळते, भले ती पेपरात हेडलाइन नसेल.

हा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ऑस्ट्रेलियात एक फुटबॉल खेळतात, 'ऑस्ट्रेलियन रूल्स'. अंडाकृती चेंडू, हातही चालतो, पायही चालतो, मधल्या दोन खांबांतून गोल मारला की ६ गुण आणि थोडक्यात हुकला तरी १ गुण. तिथे दोन संघांचे लीग गुण सारखे झाले तर मिळवलेले गुण भागिले दिलेले गुण गुणिले शंभर, अशी 'पर्सेंटेज' काढतात. आपल्या महिला संघाची काढली तर सहा सामन्यांत ६२८ भागिले १२६, म्हणजे सुमारे ४९८. आता कोरियाचा एक सामना काढून टाका. ४५३ भागिले १०८, म्हणजे ४१९. एकाच सामन्याने जवळजवळ ८० टक्के चढवले! सरासरी काढताना एक टोकाचा आकडा सगळ्यांना कसा ओढतो, हे आपण प्रॅक्टिकलच्या रीडिंगमध्ये रोज बघतो (आणि 'अॅडजस्ट'ही करतो, असो).

त्या खेळाच्या सर्वोच्च लीगच्या इतिहासातले दोन सर्वांत मोठे विजय बघा. १९७९ मध्ये फिट्झरॉयने मेलबर्नला १९० गुणांनी हरवलं. २०११ मध्ये जीलाँगने त्याच मेलबर्नला १८६ गुणांनी हरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी मेलबर्नच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. पुढे? जीलाँग त्या वर्षी विजेता ठरला. फिट्झरॉय मात्र त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंतही पोचला नाही. जवळजवळ तेवढाच मोठा विजय, दोन वेगळी भविष्यं. फरकाच्या आकड्यात भविष्य लिहिलेलं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, मोठा विजय आपण फारसा मनावर घ्यायचा नाही. इथेच मला सगळ्यात महत्त्वाचं सांगायचंय. 'फारसा' मनावर न घेणं आणि 'अजिबात' न मोजणं यात माणसाचं आयुष्य जाऊ शकतं.

डिसेंबर १९४८. पुणे क्लबचं मैदान, इथून फार लांब नाही. रणजी सामन्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८ मध्ये बाद. मग महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी खेळायला सुरुवात केली आणि ते बादच होईनात. कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भागी झाली. निंबाळकर नाबाद ४४३, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ चा विश्वविक्रम फक्त नऊ धावा दूर. आणि सुट्टीत काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, पुढे खेळायलाच नकार दिला! सामना सोडला. नऊ धावा राहूनच गेल्या.

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये चारशेच्या वर गेलेला तो आजही एकमेव भारतीय फलंदाज आहे. निंबाळकरांना अधिकृत कसोटी मात्र एकही खेळायला मिळाली नाही. २०१२ मध्ये ते कोल्हापुरात वारले. निवड समितीच्या डोक्यात काय होतं ते सांगणारी मी कोण? पण 'समोर काठियावाड होतं' हे वाक्य त्या खेळीला कायम चिकटलं. इथे आपली बोल्टची पद्धत वापरली असती तर? ४४३ ही एकच चाचणी बाजूला ठेवा आणि त्याच माणसाच्या बाकीच्या चाचण्या बघा. ८० प्रथम श्रेणी सामने, सरासरी सुमारे ४८. म्हणजे वेगवेगळ्या भारांखाली हा बोल्ट टिकला होता. ४४३ हा योगायोग नव्हता.

याच्या उलट टोक म्हणजे जानेवारी २०१६, कल्याण. आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या शाळेच्या ३ बाद १४६५, आणि समोरची शाळा ३१ आणि ५२ मध्ये बाद. समोरच्या शाळेचे नेहमीचे खेळाडू आलेच नव्हते, असं तेव्हा छापून आलं होतं. मुलाने आपलं काम केलं, तासन्‌तास उभं राहणं सोपं नसतं. पण आपण सगळ्यांनी एका रीडिंगवरून ग्राफ काढला आणि थेट पुढच्या सचिनपर्यंत नेला. मुंबई क्रिकेट असोसिएशनने दिलेली शिष्यवृत्ती थांबवा, फॉर्म गेलाय, अशी विनंती दुसऱ्याच वर्षी त्याच्या वडिलांना करावी लागली. पंधरा वर्षांच्या मुलावर एवढा भार आपण कोणती चाचणी करून टाकला होता?

एका बाजूला कमी मोजल्याचं नुकसान, दुसऱ्या बाजूला जास्त मोजल्याचं. दोन्हीकडे भरपाई खेळाडूलाच करावी लागते.

आणि हरणाऱ्याचं काय? काठियावाड मैदान सोडून गेलं म्हणून निंबाळकरांचा विक्रम अडला. कोरियाच्या मुली १८ गुणांवर असतानाही शेवटच्या डावापर्यंत पळत राहिल्या, म्हणून १७५-१८ हा स्कोअर तरी आपल्याला मिळाला. खो-खो जगभर न्यायचा असेल तर हे १८ चे पुढच्या वेळी ४० कसे होतील, याचीही काळजी आपल्यालाच करावी लागेल. समोर कोणी उरलंच नाही तर आपली ताकद मोजणार कशावर?

आपल्या कॉलेजातही स्पोर्ट्स वीकमध्ये एफईच्या पोरांना बीईवाले धुतात आणि त्यावरून आंतरमहाविद्यालयीन टीम ठरते. दरवर्षी दोनच वाक्यं ऐकू येतात, "काय खेळली ती!" किंवा "तो सामना धरायचाच नाही." यंदा निवडीला बसणाऱ्यांना माझी विनंती आहे, नोटीस बोर्डवरचा फरक बघून झाला की अजून तीन गोष्टी बघा. पुढे असतानाही तिने आपला बचाव तसाच ठेवला का? याच संघाशी आधी खेळली होती तेव्हा कशी खेळली? आणि तगड्या संघापुढे तिचं काय झालं? तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर तिला नाही म्हणण्याआधी एक सामना एमई आणि स्टाफच्या टीमशी लावा. प्लॉट मोकळा आहे, अर्धा तास पुरेल, आणि चुना मी आणते!