खालच्या टाकीतली मोकळी जागा

आमच्या फिश टँकखालच्या कपाटाचं दार उघडलं, की आतल्या टाकीच्या काचेवर काळ्या मार्करने ओढलेल्या दोन आडव्या रेघा दिसतात. एक १० इंचांवर, दुसरी सव्वाअकरावर. त्यांच्या वर पावणेपाच इंच कोरडी काच. ही टाकी करायला टाकली तेव्हा काचवाले म्हणाले होते, "ताई, एवढी मोठी करायची आणि वरून रिकामी ठेवायची?" हो, तशीच ठेवायची. या टाकीत सगळ्यात मोलाची आहे ती ही मोकळी जागाच. पहिली टाकी ओसंडून दिवाणखान्यात पाणीच पाणी झालं, तेव्हा मला ते कळलं.

मासे पाळणारे या खालच्या टाकीला संप म्हणतात. सोसायटीत राहणाऱ्याला तिचं काम लगेच समजेल: एक टाकी जमिनीत, एक गच्चीवर, मध्ये मोटार. इथे मात्र पाणी अखंड फिरत असतं. वरच्या टाकीत मागच्या काचेला एक अरुंद खण चिकटवलेला असतो. पाणी त्याच्या काठावरून आत पडतं, पाइपमधून आपल्या वजनाने खाली येतं, स्पंज आणि सिरॅमिकच्या नळकांड्यांतून वाट काढत शेवटच्या कप्प्यात पोचतं, आणि तिथला पंप ते पुन्हा वर चढवतो.

आमच्याकडे ऑस्कर माशांची जोडी आहे. आणले तेव्हा अडीच इंचांचे होते, आता वीतभराच्या पुढे गेलेत. खाणं भरपूर, घाणही तेवढीच. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो आणि तो त्यांच्यासाठी विषच. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करायचं काम जिवाणू करतात. ते पाण्यात मोकळे फिरत नाहीत, खडबडीत पृष्ठभागाला धरून राहतात. म्हणून गाळणीत त्यांना बसायला जितकी जागा द्याल तितकं बरं. जुन्या पुस्तकांत नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टरच्या नावावर असे. १९९८ साली टिमोथी होवानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या मत्स्यालयांत हे काम नायट्रोस्पिराच्या जातकुळीतले जिवाणू करतात असं दाखवलं. नाव काहीही असो, ही मंडळी फार सावकाश वाढतात. नव्या गाळणीत त्यांची वस्ती जमायला महिना-दीड महिना सहज जातो.

आता दिवाणखान्यात पाणी झालं त्या रात्रीचा हिशेब. वरची टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद. तिच्यातलं एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर. पाणी वर सोडणाऱ्या पाइपचं तोंड पृष्ठभागाच्या ३ इंच खाली बुडलेलं होतं. वीज गेली, पंप थांबला आणि तोच पाइप उलटा वाहू लागला. पिंपातलं पाणी नळी लावून ओढून काढतो, अगदी तसं. तोंड उघडं पडेपर्यंत ४२ लिटर खाली आलं. जुना संप २४ इंच लांब, १० रुंद आणि १२ उंच होता. त्यात ८ इंच पाणी आधीच होतं, म्हणजे शिल्लक जागा जेमतेम १६ लिटरची. उरलेलं २६ लिटर फरशीवर. मासे सुखरूप राहिले. कपाटाची प्लायवूडची फळी मात्र फुगली, ती टाकूनच द्यावी लागली.

नवा संप आतून ३६ बाय १५ बाय १६ इंचांचा आहे. त्यातलं एक इंच म्हणजे जवळपास ९ लिटर. वर जाणाऱ्या पाइपला मी पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या इंचावर एक बारीक छिद्र पाडलं. पाणी तिथवर उतरलं की छिद्रातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. खणातलं आणि पाइपातलं धरून दहाएक लिटर पाणी खाली येतं; दोन रेघांमधलं अंतर ते हेच. पण छिद्र बुजू शकतं. बुजलंच तर ४५ लिटर येईल, खालची पातळी १५ इंचांच्या थोडी वर जाईल आणि तरी काठाच्या आतच राहील. संपचं माप असं वाईटात वाईट दिवस धरून काढावं. कपाटात काय मावतं ते त्यानंतर बघावं. दुकानात पाइपवर बसवायचा एकमार्गी व्हॉल्व्ह मिळतो, पण एखादी छोटी गोगलगाय त्यात अडकली तरी तो नीट मिटत नाही. त्याच्या भरवशावर मी घर सोडणार नाही.

बाकीचं काम सुताराचं आणि प्लंबरचं. पाइपसाठीचं भोक साध्या काचेलाच पाडता येतं. टफन्ड काचेला ड्रिल लागलं की तिचा चुरा होतो. खाली उतरणारा पाइप सव्वा इंची घेतला, जोडाला टँक कनेक्टर. संप भरल्यावर कपाटाच्या तळावर ८८ किलो पाणीच उभं राहतं, म्हणून लोखंडी अँगल आणि वर थर्माकोल. विजेचा बोर्ड कपाटाबाहेर, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोल, म्हणजे ओघळ आलाच तर तिथूनच गळून जातो. पंपाच्या खोक्यावर ताशी ३००० लिटर लिहिलं होतं. ४ फूट वर चढवताना किती देतो ते पाहायला २० लिटरची बादली लावली. ती ४० सेकंदांत भरली. म्हणजे ताशी १८००. पुरेसं आहे.

जुना स्पंज आणि नळकांडी मी तशीच नव्या कप्प्यात हलवली, टाकीतल्याच पाण्यात खळबळून. नळाखाली धरली असती तर क्लोरीनने जमलेली वस्ती मेली असती.

महिन्यातून एकदा मी मुद्दाम पंपाचं बटण बंद करते आणि कपाटापुढे बसते. पाइपातला आवाज बदलतो, वर गुळगुळ होते, पाणी पहिल्या रेघेवरून चढायला लागतं. गेल्या महिन्यात ते दुसरी रेघ ओलांडून बोटभर वर गेलं. छिद्रात हिरवं शेवाळ धरलं होतं. टूथपिक फिरवली, पंप चालू केला, थोड्या वेळाने पुन्हा बंद केला. या खेपेला पाणी सव्वाअकरावर येऊन थांबलं.