माहिती आणि माहितगार

मराठीत ‘माहिती’ या शब्दाशेजारी ‘माहितगार’ हा शब्द पूर्वापार नांदत आला आहे. माहिती म्हटली की ती ठाऊक असणारा व तिची हमी देणारा माणूस आलाच, अशी आपल्या पूर्वजांची धारणा होती. शिवकाळी वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई, तेव्हा जाणते लोक साक्ष देत, निवाड्याचा महजर होई आणि निरक्षर कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी. कागद होता, पण त्यामागे माणसे उभी असत.

आमच्या आदिलाबादेतील राजगोंडांच्या कुळकथा परधान गायकांनी किंगरीच्या साथीने पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या. महसुली दप्तरास मात्र ही माहिती ग्राह्य नव्हती. तेथे पट्टा ज्याच्या नावे, तोच जमिनीचा धनी. निझामी अमलात दप्तराची भाषा उर्दू, आणि जमीन कसणारा गोंड अक्षरशून्य! अनेकांच्या जमिनी गेल्या, जंगले राखीव झाली. या कोंडीतूनच कोमराम भीम यांचा लढा उभा राहिला. 1940 साली जोडेघाट येथे ते मारले गेले.

त्यानंतर या भागात आलेले मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने 1943 मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. गोंडी वाचनपाठांसाठी आपली देवनागरीच उपयोगी पडली. त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ 1948 साली प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी अमेरिकेत क्लॉड शॅनन या गणितज्ञाने माहिती मोजण्याचे गणित मांडले. तिचे एकक ‘बिट’. शक्य असलेल्या अनेक संदेशांतून कोणता निवडला गेला, एवढेच त्यांनी मोजले. अर्थाचा प्रश्न हेतुतः बाजूस ठेवला. आजचे संगणकयुग या पायावर उभे आहे. येथे माहिती माहितगारापासून पुरती सुटी झाली.

म्हणजे काळ बदलतो तसे माहितीचे मान्य रूपही बदलते, आणि त्या रूपात ज्याचे ज्ञान नाही त्याचा हक्क बुडतो. गोंडांनी हे सोसले. जिल्ह्यातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांतील गोंडी लिपीस 2018 मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, याचे मोल म्हणूनच मोठे.

वाचकहो, महाराष्ट्राबाहेरील आपल्या अनेक घरांतही जुने मोडी कागद बांधून ठेवलेले आहेत. त्यांची छायाचित्रे अवश्य घ्यावीत. परंतु तेवढ्याने भागणार नाही. मोडीच्या जाणकाराकडून ते वाचून घ्यावेत आणि कागदात आलेली माणसे कोण, शेत कोणते, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून आजच टिपून ठेवावे. छायाचित्रातून अक्षर उतरेल; नाते सांगावयास माहितगारच हवा.