टाकाऊ मातीचे भाव

डिचोलीकडून साखळीला जाताना रस्त्याच्या कडेला जे डोंगर दिसतात, त्यातले काही डोंगर नव्हेतच. ते ढिगारे आहेत. खाणीतून खनिज काढताना वर आलेली माती, दगड आणि कमी प्रतीचं खनिज वर्षानुवर्षं एकावर एक ओतत गेले, त्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, आणि नवख्या माणसाला वाटावं की हा सह्याद्रीचाच पायथा. गोव्यात त्यांना नुसतं ‘डंप’ म्हणतात. गोव्याच्या खाणींचा इतिहास बहुतेक जण कोर्टाच्या निकालांवरून सांगतात. मला तो या ढिगाऱ्यांवरून सांगावासा वाटतो. टाकाऊ काय आणि माल काय हे ढिगाऱ्यानं कधीच ठरवलं नाही. ते हजारो मैलांवरचा पोलादाचा भाव ठरवत आला.

पोर्तुगीज सरकारनं खाणींचे परवाने दिले ते ‘कन्सेशन’ म्हणून, जवळपास कायमचे. ते मिळवणारी बहुतेक स्थानिक व्यापारी घराणी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान पुन्हा उभा राहू लागला, त्याला लोखंड हवं होतं, आणि १९५०च्या दशकात मांडवी-झुआरीतून खनिजाची बार्ज मुरगाव बंदराकडे जाऊ लागली. १९६१ला गोवा मुक्त झाला, कन्सेशनं मात्र तशीच राहिली. संसदेनं ती १९८७च्या कायद्यानं रद्द केली, तीही २० डिसेंबर १९६१पासून, म्हणजे मागच्या तारखेनं. त्यांची लीज झाली. खाण तीच राहिली, मालकही तेच.

खाणीच्या पैशानं गोव्यात काय काय उभं राहिलं हे विसरून चालणार नाही. मुक्तीनंतर १९६२ला निघालेलं ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक एका खाण उद्योजकाचं होतं. मडगाव-पणजीतली कॉलेजं या घराण्यांच्या नावानं आहेत. फुटबॉलचंही तेच. धेंपो या खाण घराण्याच्या क्लबनं देशातली सर्वोच्च लीग पाच वेळा जिंकली, पहिल्यांदा २००४-०५ला, शेवटची २०११-१२ला. या दोन तारखा आणि खनिजाच्या तेजीची वर्षं शेजारी शेजारी ठेवली की हसू येतं. धेंपो आणि साळगावकर हे क्लब २०१६ला लीगमधून बाहेर पडले ते लीगच्या रचनेवरून झालेल्या वादामुळे, त्याचा दोष खाणबंदीच्या माथी मारता येत नाही. तरीही तारखा शेजारी ठेवायचा मोह आवरत नाही.

जपानला चांगल्या प्रतीचं खनिज लागायचं. म्हणून लोखंडाचं प्रमाण कमी असलेला माल बाजूला पडत गेला. एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड उपसावा लागतो, हे गोव्यातलं ढोबळ गणित. छोटं राज्य, त्यातही खाणपट्टा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पूर्वेच्या तालुक्यांतला, जिथे नद्या उगम पावतात आणि जिथून राज्याचं बरंचसं पिण्याचं पाणी येतं. एवढी माती ठेवायची कुठे? उतारावर. आणि पाऊस किती, तर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर. जून आला की ढिगारा हळूहळू खाली उतरायला लागतो: आधी ओहोळात, मग भातखाचरात, मग नदीत. पिसुर्लेसारख्या गावांत शेतात चढलेला हा गाळ पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कंपनी भरपाई द्यायची, शेतकरी ती घ्यायचा, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. हळूहळू शेत पिकवण्यापेक्षा भरपाई घेणं सोपं वाटू लागलं. या सवयीनं नदीपेक्षाही माणसाचं जास्त नुकसान केलं, असं मला वाटतं.

दुसरं दुखणं दिसत नाही. ते जमिनीखालचं. खड्डा भूजलाच्या पातळीखाली गेला की आत पाणी फुटतं, आणि खनिज काढायचं तर पंप लावून ते उपसत राहावं लागतं. उपसलं की आजूबाजूच्या विहिरी आटतात. शिरगावात, जिथे लईराई देवीच्या जत्रेला धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालत जातात, तिथल्या विहिरी आणि झरी आटल्याची तक्रार हायकोर्टापर्यंत गेली. सुपारी-माडांच्या कुळागराला झरीचं पाणी लागतं. झरी गेली की सुपारी आणि माड टिकत नाहीत, आणि ज्या घरानं सुपारीवर वर्ष काढलं असेल त्या घरातला मुलगा मग कर्ज काढून ट्रक घेतो. तो ट्रक खाणीवरच लागतो. पाणी गेलं म्हणून खाणीकडे आणि खाण आहे म्हणून पाणी गेलेलं, असा तो फेरा.

मग चीन आला. शतकाच्या सुरुवातीला तळाशी रेंगाळणारा खनिजाचा भाव २००३नंतर वर सरकू लागला, बीजिंग ऑलिंपिकच्या वर्षी तापला, मंदीत कोसळला, आणि २०११च्या सुरुवातीला टनाला १८० डॉलरवर गेला. चिनी भट्ट्यांना प्रतीची फारशी पर्वा नव्हती, कमी लोखंडाचंही चालायचं. दशकानुदशकं पडून राहिलेले ढिगारे अचानक खाण झाले. कायद्याच्या लेखीही व्याख्या सरकली: २००९ला इंडियन ब्युरो ऑफ माइन्सनं हेमेटाइटमधल्या लोखंडाची किमान मर्यादा ४५ टक्क्यांवर आणली. काल जे टाकाऊ होतं ते आज खनिज. शतकाच्या आरंभी वर्षाला दीड-दोन कोटी टनांच्या घरात असलेली निर्यात २०१०-११ला सुमारे ५ कोटी ४० लाख टनांवर गेली. त्यात कर्नाटकातलं खनिजही होतं, पण ट्रक धावले ते गोव्याच्याच रस्त्यांवरून.

त्या वर्षांत मी दोडामार्गहून डिचोलीमार्गे पणजीला जाणाऱ्या बसमध्ये बऱ्याचदा बसलो आहे. बस ट्रकांच्या रांगेत अडकायची, खिडक्या बंद केल्या तरी लाल धूळ दातांत करकरायची. रस्त्याकडेच्या घरांची कौलं, तुळशीवृंदावनं, वाळत घातलेले कपडे, सगळं एकाच रंगाचं. कंडक्टर म्हणायचा, ‘‘धूळ नव्हे हो, पैसे आहेत हे.’’ तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या भावाचे दोन ट्रक होते.

मग हे सगळं थांबलं, आणि ज्या पद्धतीनं थांबलं तीही तेजीसारखीच एकाएकी होती. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल सप्टेंबर २०१२ला संसदेत मांडला गेला. त्यात जवळपास ३५ हजार कोटींच्या नुकसानीचा अंदाज होता, जो पुढे वादात सापडला. काही दिवसांत राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, आणि ऑक्टोबरमध्ये ‘गोवा फाउंडेशन’ या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं खनिजाची वाहतूकही रोखली. एप्रिल २०१४च्या निकालात कोर्टानं सांगितलं की सगळ्या लीजांची मुदत नोव्हेंबर २००७लाच संपली होती. म्हणजे भाव सर्वांत वर होता ती जवळजवळ पाच वर्षं खनिज बेकायदेशीरच निघत होतं. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आली, आणि विक्रीच्या रकमेतला दहा टक्के वाटा एका कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेशही.

बातम्यांत बंदी गाजली, पण माझ्या मते त्या निकालातला सर्वांत महत्त्वाचा आदेश हा निधीचाच. खनिज विकणं ही कमाई नव्हे, ती ठेव मोडणं आहे, हे त्यामागचं गणित. आजोबांचं शेत विकून आलेल्या पैशाला कुणी ‘यंदाचं उत्पन्न’ म्हणत नाही. गोव्यानं मात्र अर्धशतक तेच केलं, आणि दरडोई उत्पन्नाच्या यादीत वरचा नंबर लागला की टाळ्या वाजवल्या.

बंदीनं नद्या जरा निवळल्या. आमोणे, सारमानसच्या धक्क्यांवर बार्ज गंजत उभी राहिली, आणि ट्रकांचे हप्ते थकले. सरकारला ट्रक आणि बार्ज मालकांसाठी अर्थसाहाय्याच्या, कर्जसवलतीच्या योजना काढाव्या लागल्या. विरोधाभास असा की धुळीविरुद्ध बोलणारे आणि खाणी सुरू करा म्हणून पणजीत मोर्चा काढणारे कित्येकदा एकाच गावचे, कधी एकाच घरचे असत. पर्यावरणवादी विरुद्ध खाणवाले, अशी सरळ मांडणी शहरात बसून करता येते. गावात ती चालत नाही. तिथे प्रश्न एवढाच असतो की यंदा कशावर जगायचं.

त्याचं उत्तर कुणी शोधलं नाही. घाई झाली ती जुनी लीज पुन्हा चालू करण्याची. लिलावाची सक्ती करणारा केंद्राचा वटहुकूम १२ जानेवारी २०१५ला निघाला, त्याआधीच्या जेमतेम दोन महिन्यांत राज्यानं ८८ लीजांचं नूतनीकरण उरकून घेतलं. ती घाई सुप्रीम कोर्टाच्या नजरेतून सुटली नाही. ७ फेब्रुवारी २०१८ला ती सगळी रद्द झाली आणि मार्चच्या मध्याला खाणी पुन्हा बंद पडल्या. गंमत अशी की मधल्या काळात परवानगी मिळूनही सुरुवातीला खाणी धडपणे चालल्या नव्हत्या, कारण डिसेंबर २०१५ला भाव ४० डॉलरच्याही खाली गेला होता. म्हणजे कोर्ट थांबवो वा न थांबवो, बाजारानं आधीच थांबवलं होतं. भाव सावरल्यावर, एप्रिल २०१७ला, सत्तरीतल्या सोनशीच्या गावकऱ्यांनी धुळीला वैतागून ट्रक अडवले आणि त्यातले चाळीसहून अधिक जण तुरुंगात गेले. भाव पडला की धूळ बसते, चढला की उडते.

सीमेपलीकडे सिंधुदुर्गात यातलं काही नवीन नव्हतं. रेडीची खाण जुनीच. दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्यात जुलै २०२१ला खाणीचा बांध फुटला आणि लाल चिखल घरांत, बागायतीत शिरला. तिथेही मग पंचनामे, भरपाई.

डिसेंबर २०२२ला गोव्यात पहिला लिलाव झाला आणि डिचोलीचा ब्लॉक वेदांता कंपनीकडे गेला. २०२४ला तिथून खनिज पुन्हा निघू लागलं. शिरगाव, मये, मुळगावची वस्ती त्या ब्लॉकच्या नकाशात येते, आणि घरं, देवळं, तळी त्यातून वगळा एवढंच लोकांचं मागणं आहे. अर्धशतक खाण शेजारी पाहिलेली ही गावं. त्यांनी ‘खाण नको’ म्हटलं नाही, ‘माझं घर सोडून घ्या’ म्हटलं, यावरून त्यांची अवस्था कळावी.

राहिले ढिगारे. त्यांच्यासाठी २०२३ला राज्यानं वेगळं धोरण केलं: कोणते हलवायचे, कोणते विकायचे, पैसे कुणाचे. बाभळी आता चांगल्या उंच झाल्या आहेत. उतारावर कुठे कुठे काजूही लावलेत, मार्चमध्ये बोंडं धरतात. खालच्या वाडीतली माणसं ती गोळा करायला चढतात, आणि पुढच्या वर्षी इथे काजू असतील की ट्रक लागलेला असेल हे त्यांना विचारलं, तर ती वर, दूर, समुद्राच्या बाजूला हात करतात.