विमानाची थरथर काय सांगते?

नागपुरात पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकते आणि मे महिन्याच्या उन्हात त्याच दाराला फट पडते. दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते. दाराच्या बाबतीत ही नुसती कटकट असते. हलक्या विमानाच्या लाकडी प्रोपेलरच्या बाबतीत मात्र प्रश्न जिवाचा असतो.

घरी विमान बांधणे महाराष्ट्राला नवे नाही. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या सहा आसनी विमानाची २०१७ मध्ये नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्यात ते उडाले. कारखान्यातल्या विमानात इंजिन, प्रोपेलर आणि सांगाडा एकमेकांना मानवतात का, हे उत्पादकाने तपासलेले असते. घरी बांधलेल्या विमानात ही जबाबदारी बांधणाऱ्याची असते.

थरथरीकडे दुर्लक्ष केले तर बोल्ट सैल होतात, सायलेन्सरला तडे जातात, इंधनाची नळी घासून गळू लागते. वैमानिकाचे हात बधिर होतात आणि काटे नीट वाचता येत नाहीत. प्रोपेलरच्या मध्यापासून ७५ सेंटिमीटरवर एका बाजूला फक्त १० ग्रॅम वजन जास्त असले, तरी मिनिटाला २४०० फेऱ्यांच्या वेगात ते सुमारे ४८ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते. या ओढीची दिशा सेकंदाला ४० वेळा फिरते.

निदानाची पहिली खूण म्हणजे थरथरीचा वेग. फेरीला एक धक्का बसत असेल तर संशय प्रोपेलरच्या तोलावर घ्यावा. चार स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. त्यामुळे एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल तर धक्के निम्म्या वेगाने, सेकंदाला २० वेळा बसतात. अशा वेळी स्पार्क प्लग, मॅग्नेटो आणि कार्बोरेटर तपासावेत. इंजिन बसवलेले रबर कडक झाले असेल तर साधे धक्केही सगळ्या सांगाड्याला जाणवतात.

प्रोपेलर तपासताना मॅग्नेटो बंद करावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि स्पार्क प्लग काढून ठेवावेत. बंद केलेले इंजिनही हाताने फिरवताना पेटू शकते. मग पात्यांवरच्या खाचा आणि भेगा पाहाव्यात. एक पाते एका स्थिर खुणेजवळून फिरवून दुसरे त्याच जागेतून जाते का, हे मोजावे. लाकडी प्रोपेलरमध्ये साधारण तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. पात्यांचे कोनही सारखे हवेत. एवढे करूनही थरथर राहिली तर कंपनमापक लावून इंजिन चालू असताना तोल साधावा लागतो.

लाकडी पात्याच्या टोकाला धातूची पट्टी असेल, तर तिच्यातली पाणी निथळण्याची छिद्रे रंगाने बुजू देऊ नयेत. विमान उभे करताना दोन पात्यांचा प्रोपेलर आडवा ठेवावा, म्हणजे ओल एकाच पात्यात उतरत नाही. लाकूड आकसले की बोल्टची पकड सुटते आणि फुगले की लाकूड चेपते. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आणि पुन्हा उन्हाळा लागताना बोल्टचा ताण टॉर्क पान्याने उत्पादकाच्या आकड्याप्रमाणे तपासावा.

हवेत असताना अचानक जोराची थरथर सुरू झाली, तर पाते तुटलेले असू शकते. अशा वेळी कारण शोधत बसू नये. इंजिनाचा जोर कमी करून जवळच्या सुरक्षित जागी उतरावे.