डोळ्यांवाचून संसार करणारा भुईउंदीर



गेल्या महिन्यातील गट सभेत लागणीच्या नोंदी आणि तोडणी कार्यक्रमाची चर्चा संपल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी प्रश्न विचारला. "साहेब, घूस आंधळी असती असं म्हणत्यात. मग आम्ही बिळापाशी जायच्या आधीच तिला कसं कळतं? आणि एक मारली की महिन्याभरात त्याच बिळात दुसरी कुठनं येती?" सभेत हशा पिकला. मात्र प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या वेळी मी दिलेल्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही, म्हणून हा लेख.

पहिला खुलासा असा की आपली घूस आंधळी नाही. तिचे डोळे बारीक आहेत, पण तिला दिसते. खरोखरीचा आंधळा, जन्मभर जमिनीखाली राहणारा उंदीर आपल्या महाराष्ट्रात नाही. तो आहे इस्रायल आणि त्याच्या आसपासच्या देशांत. शास्त्रज्ञ त्याला 'स्पॅलॅक्स' म्हणतात. आपण त्याला भुईउंदीर म्हणू. ईशान्य भारतातील डोंगरात राहणारा बांबू-उंदीर हा याच कुळातला, पण त्याला डोळे आहेत. भुईउंदीर मुळे, कंद, गड्डे खातो, त्यामुळे तिकडच्या शेतकऱ्यांनाही तो नकोसाच. हैफा आणि तेल अवीव येथील विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. मातीखाली राहणाऱ्या प्राण्याला जग कसे कळते, हे त्या अभ्यासातून फार चांगले समजते. सभेतल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरेही तिथूनच मिळतात.

पहार आणि फावडे एकाच तोंडात

या प्राण्याला शेपूट दिसत नाही, कानाची पाळी नाही, आणि डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. अंगावर मखमलीसारखी मऊ लव असते. नाकापासून मागे डोळ्यांच्या जागेपर्यंत दोन्ही बाजूंनी राठ केसांची एकेक ओळ असते. तिने तो चाचपत चालतो. खोदतो तो पंजांपेक्षा दातांनी जास्त. पुढचे दात ओठांच्या बाहेर असतात आणि ओठ दातांच्या मागे मिटतात. त्यामुळे दाताने माती फोडली तरी ती तोंडात जात नाही. सुटलेली माती चपट्या डोक्याने रेटून बाहेर ढकलायची. आपण पहार आणि फावडे अशी दोन अवजारे घेतो, त्याने दोन्ही डोक्यातच बसवून घेतली आहेत.

डोळे गेले, घड्याळ राहिले

कातडीखाली त्याला डोळे आहेत, पण ते एक मिलिमीटरपेक्षाही लहान. त्यांनी वस्तू दिसत नाही. मग ते राहिले कशाला? शास्त्रज्ञांना असे आढळले की हे डोळे उजेड आणि अंधार एवढा भेद ओळखतात. बिळाचे तोंड उघडून माती बाहेर टाकताना जो उजेड आत येतो, त्यावर त्याच्या शरीराचे घड्याळ लावले जाते. दिवस कोणता, रात्र कोणती, दिवस लहान होऊ लागला की मोठा, हे त्यावरून कळते. विणीचा हंगाम साधायला हे कळावेच लागते.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. इतर प्राण्यांच्या मेंदूत जो भाग पाहण्याचे काम करतो, तो याच्या मेंदूत आवाजाला प्रतिसाद देतो. म्हणजे पडीक राहिलेले रान निसर्गाने दुसऱ्या पिकाखाली आणले. गरज संपली ते आटले, आणि सुटलेली जागा उपयोगी कामाला लागली.

डोक्याने बोलणे, जबड्याने ऐकणे

भुईउंदीर एकलकोंडा असतो. प्रत्येकाचे बोगद्याचे जाळे वेगळे. दोघांची गाठ पडली तर जीवघेणी मारामारी होते. मग शेजाऱ्याला 'मी इथे आहे, इकडे येऊ नको' हे सांगायचे कसे? बिळातला आवाज हवेतून फार लांब जात नाही. माती मात्र हादरा लांबवर पोहोचवते.

1987 साली इस्रायलमधील शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी याचे उत्तर प्रसिद्ध केले. भुईउंदीर आपले चपटे डोके बोगद्याच्या छतावर आपटून ठोके देतो. हे ठोके एका लयीत, तुकड्या-तुकड्यांनी दिले जातात. शेजारी ते ऐकतो आणि उलट ठोके देतो. ऐकण्याची तऱ्हाही न्यारी आहे. तो खालचा जबडा बोगद्याच्या भिंतीला टेकवतो. हादरा मातीतून जबड्याच्या हाडात आणि हाडातून कानात जातो. लहानपणी रेल्वेच्या रुळाला कान लावून गाडी येते का, हे ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे लगेच पटेल.

ठोक्यांच्या जोडीला वास आहे. बोगद्यात मूत्राचा वास असला की परका आत शिरायला कचरतो. ठोके थांबले, वास विरला, की शेजारच्याला कळते की घर मोकळे झाले. मग तो त्यात शिरतो. सभासदांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिच्यावर यायचे आहे.

खंदक न पाहता वळसा

तेल अवीव येथील संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. भुईउंदराचा बोगदा मधेच आडवा चर खणून तोडला. काहींच्या वाटेत दगड किंवा लाकूड आडवे बसवले. आंधळा प्राणी चाचपडत राहील, कुठेतरी उघड्यावर पडेल, असे आपल्याला वाटेल. झाले उलटेच. त्याने चराला समांतर असा नवा बोगदा खणला, चरापासून साधारण 10 ते 20 सेंटीमीटर अंतर राखून, आणि पलीकडे जाऊन आपल्या जुन्या बोगद्याला बरोबर जोडून घेतला. चर एका बाजूला जवळ संपत असेल तर वळसाही त्याच बाजूने घातला. फुकट मेहनत नाही.

हे कसे जमते? 2005 साली त्याच संशोधकांनी पुरावा मांडला की तो स्वतःच्या डोक्याच्या ठोक्यांचा परत आलेला हादरा वाचतो. आपल्याकडे मडके विकत घेताना बोटाने वाजवून बघतात, विहीर खोदणारा पहार आपटून खाली पोकळ आहे की खडक, हे सांगतो. तसेच हे.

दिशेचेही असेच. जवळच्या अंतरात आपण किती चाललो, किती वळलो, याचा हिशोब तो अंगानेच ठेवतो. अंतर वाढले की हा हिशोब चुकत जातो. तेव्हा तो पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आधार घेतो. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात भोवतालच्या चुंबकक्षेत्राची दिशा बदलल्यावर लांबच्या वाटेवर हे प्राणी चुकले, जवळच्या वाटेवर फारसे चुकले नाहीत. होकायंत्र असावे तर असे.

कोंडलेल्या हवेत जगणे

भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की उसाची मुळे गुदमरतात आणि पीक पिवळे पडते, हे आपण दरसाल पाहतो. इस्रायलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो. त्या वेळी भारी जमिनीतल्या बिळांत हवा खेळत नाही. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो. अशा बिळांत तो सुमारे 7 टक्क्यांपर्यंत उतरलेला आढळला आहे. प्रयोगशाळेत तर 3 टक्के प्राणवायूत भुईउंदीर 14 तासांच्या आसपास तगला, साधा उंदीर 2 ते 4 तासांत मेला. त्याच्या स्नायूंत रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते, आणि असलेला प्राणवायू रक्त चांगला धरून ठेवते.

हैफा विद्यापीठाचे एव्हिएतार नेव्हो यांनी दाखवून दिले की इस्रायलमध्ये या प्राण्याचे चार प्रकार आहेत. त्यांच्या पेशींतील गुणसूत्रे 52, 54, 58 आणि 60 अशी वेगवेगळी आहेत. उत्तरेला थंड आणि पावसाचा भाग, दक्षिणेला उष्ण आणि कोरडा. दक्षिणेकडचे प्राणी अंगाने लहान आणि शरीरात कमी उष्णता निर्माण करणारे. उसाचे वाण जसे आपण जमीन आणि हंगाम पाहून निवडतो, तसे निसर्गाने इथे जमीन आणि हवामान पाहून वाण तयार केले.

आता आपल्या घुशीकडे

घुशीचे कान तिखट, नाक त्याहून तिखट, आणि काळोखात मिशा मदतीला. आपण रानात पाय आपटत चाललो की आवाज आणि हादरा आपल्याआधी बिळात पोहोचतो. ज्येष्ठ सभासदांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे. बांधावरून बॅटरी घेऊन तिच्यामागे पळण्यात अर्थ नाही.

घूस उसाच्या बुडख्याजवळच्या कांड्या कुरतडते. ऊस पडतो, जखमेतून कुजतो, वजन घटते आणि साखर उताराही घटतो. पडलेल्या उसात तिला आणखी आसरा मिळतो. म्हणून उपाय करायचा तो ऊस दाटण्यापूर्वी.

इथे माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गटात मी पहिल्याच दिवशी झिंक फॉस्फाइडचे विषारी आमिष टाकायला सांगितले. थोड्या घुशी मेल्या. ज्यांनी जरासे खाल्ले आणि आजारी पडून वाचल्या, त्यांनी पुन्हा त्या आमिषाला तोंड लावले नाही. त्यातून आठ शेतकऱ्यांपैकी तिघांनीच आमिष टाकले होते. महिन्याभरात त्या तिघांच्या रानात पुन्हा ताजी माती दिसू लागली. तिघे मला म्हणाले, "साहेब, पैसे बी गेले आन् घुशी बी हायेत." त्यांचे खरे होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. मोकळे झालेले बीळ मोकळे राहत नाही. इस्रायलमधला भुईउंदीर असो की आपली घूस, शेजारची जागा रिकामी झाली की दुसरा तिथे येतो. एकट्याने रान साफ करणे म्हणजे शेजारच्या घुशींसाठी घर झाडून ठेवणे.

तेव्हा पुढीलप्रमाणे करावे.

1. घूस बिळाचे तोंड ताज्या मातीने बुजवते. संध्याकाळी मातीचे सगळे ढीग सपाट करावेत. सकाळी जिथे पुन्हा ताजी माती दिसेल ते बीळ जिते. औषध तिथेच वापरावे.

2. आधी दोन-तीन दिवस तेल लावलेले साधे धान्य ठेवावे. घूस ते निर्धास्त खाऊ लागली की मगच एक दिवस विषारी आमिष द्यावे. लगेच पुन्हा तेच विष देऊ नये.

3. औषधाचे प्रमाण वेष्टनावर लिहिल्याप्रमाणेच घ्यावे. उघड्या हाताने मिसळू नये. मुले, कुत्री, जनावरे लांब ठेवावीत. उरलेले आमिष आणि मेलेल्या घुशी खोल पुराव्यात.

4. बांधावरचे गवत काढावे. घुबडाला अपशकुनी म्हणून मारू नये; रात्रभर बिनपगारी राखण करणारा तो गडी आहे.

5. सर्वांत महत्त्वाचे, एका शिवारातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी आमिष टाकावे. एकानेही मागे राहू नये.

कारखाना उभा करताना आपल्या वाडवडिलांनी शेअरचे पैसे एकट्या-दुकट्याने भरले नाहीत. घुशीच्या बाबतीत आपण एकेकटे का? आपल्या शिवाराची तारीख ठरवून गटाच्या शेतकी मदतनिसाकडे कळवावी. त्या दिवशी मी स्वतः बांधावर हजर राहीन. पाय न आपटता.

— ऊस विकास अधिकारी