हाँगकाँगच्या कैदेतील एक नकार

युद्धकैदी म्हणून मरण आलेल्या सैनिकाचे स्मरण करणे कोणत्याही राष्ट्राला थोडे अवघडच जाते. त्यातून तो परक्या राजवटीच्या गणवेशात लढलेला असेल, तर स्वतंत्र झालेला देश त्याला आपला म्हणावे की नाही, याच विचारात पडतो. कॅप्टन मतीन अहमद अन्सारी हे नाव आपल्याकडे फारसे कोणाच्या ओठी नाही, याचे एक कारण हेच असावे.

अन्सारी मूळचे हैदराबादचे. सातव्या राजपूत रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीतील अधिकारी. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानने हाँगकाँगवर हल्ला केला. १८ डिसेंबरच्या रात्री जपानी फौजा बेटावर उतरल्या, त्या राजपुतांच्याच आघाडीवर. नाताळच्या दिवशी हाँगकाँग पडले आणि अन्सारी कैदी झाले.

ते एका मोठ्या हिंदी संस्थानाच्या अधिपतीचे निकटचे नातलग आहेत, हे जपान्यांना कळले, तेव्हा या कैद्याचे मोल एकाएकी वाढले. ब्रिटिशांवरील निष्ठा सोडा आणि छावणीतील हिंदी शिपायांत असंतोष पसरवा, अशी मागणी झाली. अन्सारींनी नकार दिला. मे १९४२ मध्ये त्यांना स्टॅन्लीच्या तुरुंगात टाकण्यात आले. उपासमार आणि मारहाण सप्टेंबरपर्यंत चालली. अशा कोठडीतून जिवंत परतलेला मनुष्य पुढे गप्प बसला असता, तर त्याला कोणी बोल लावला नसता. अन्सारी छावणीत परतले आणि जपानी प्रचाराला उत्तर देत राहिले. एवढेच नव्हे, तर पळून जाऊ पाहणाऱ्या कैद्यांना साहाय्य करण्याची व्यवस्था त्यांनी उभी केली. मे १९४३ मध्ये पुन्हा तोच तुरुंग, पाच महिने छळ, आणि ऑक्टोबरात शिरच्छेद.

एप्रिल १९४६ मध्ये त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. त्याच्या काही महिने आधी लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला होता आणि देशाचे मन त्या अधिकाऱ्यांच्या बाजूने होते. ते स्वाभाविकही होते. तथापि त्या भरात, नव्या सेनेत जाण्यास नकार देऊन पुढे न्यू गिनीसारख्या दूरच्या बेटांवर भुकेने आणि रोगराईने मेलेल्या हिंदी कैद्यांची बोळवण ‘राजनिष्ठ’ या एका शब्दात झाली. अन्सारींना तो शब्द पुरत नाही. प्रश्न केवळ राजावरील निष्ठेचा असता, तर पहिल्या छळानंतर मुकाट राहूनही ती शाबूत राहिली असती. दुसऱ्या खेपेस त्यांनी जीव धोक्यात घातला, तो छावणीतल्या सोबत्यांसाठी.

त्यांच्याबरोबर तीसहून अधिक कैद्यांना देहदंड झाला. त्यांत ब्रिटिश होते, चिनी होते, हिंदी होते. स्टॅन्लीच्याच लष्करी दफनभूमीत, समुद्रापासून जवळच, अन्सारी विसावले आहेत.